फोटोखालच्या चार ओळी

मिनेसोटात राहायला गेले तेव्हा स्क्रॅपबुक म्हणजे शाळेतली चिकटवही, एवढेच मला ठाऊक होते. बाई सांगत, फळांची चित्रे चिकटवून आणा, वाहनांची आणा, राष्ट्रपुरुषांची आणा. मग स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचा तक्ता आणायचा, कात्रीने एकेक चित्र सोडवायचे आणि डिंक लावून पान फुगेपर्यंत चिकटवायचे. वर्ष संपले की वही रद्दीत. नातवंडे असलेल्या बायका शनिवारचा अख्खा दिवस चर्चच्या तळघरात बसून चिकटवह्या करतात हे तिकडे गेल्यावर ऐकले, तेव्हा त्यात शिकण्यासारखे काही असेल असे मनातही आले नाही.

आज माझ्या घरात जे काही जपून ठेवण्यासारखे आहे, ते त्या तळघरात शिकले म्हणून जपले गेले. आईच्या आजारपणात तिच्याशी बोलायची एक वाट मला सापडली, तीही तिथल्याच शिकवणीमुळे. हे देणे फिटणारे नाही. निदान ते कुणाचे आहे हे सांगावे म्हणून लिहिते आहे.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस लग्न होऊन मी मिनियापोलिसच्या एका उपनगरात आले. नवऱ्याच्या नोकरीमुळे जो व्हिसा मिळाला होता, त्यावर मला नोकरी करायची परवानगी नव्हती. पुण्यात मी शिकवत होते, माणसांत होते. तिथे सकाळी नवरा बाहेर पडला की संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. नोव्हेंबरात बर्फ सुरू झाला आणि फिरणेही थांबले. शेजारच्या घरात सत्तरीच्या आसपासच्या एक बाई राहत. शाळेच्या ग्रंथालयात सगळी नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. आम्ही मांस खात नाही हे नवऱ्याला आधी विचारून घेऊन, पहिल्याच आठवड्यात त्या बटाटे-भाज्यांचा हॉटडिश घेऊन दारात उभ्या राहिल्या. तिकडच्या रीतीप्रमाणे नावाने हाक मार म्हणाल्या. ते मला काही केल्या जमेना. शेवटी मी त्यांना आजी म्हणू लागले आणि त्यांनीही ते मानून घेतले. इथेही आजीच म्हणते. आपले नाव छापून आलेले त्यांना आवडले नसते.

एका शनिवारी त्या म्हणाल्या, "घरात बसून काय करतेस? चल माझ्याबरोबर. जुने फोटो असतील तर घे."

चर्चच्या तळघरात लांबच लांब टेबले मांडली होती. प्रत्येकीजवळ चाकांची पिशवी, कागद कापायचा कटर, रंगीत कार्डस्टॉकचे गठ्ठे, फोटोचे कोपरे गोल करणारे पंच. बारा इंच बाय बारा इंचांची चौकोनी पाने, त्यांवर घालायची पारदर्शक पाकिटे. अशा जमण्याला तिथे क्रॉप म्हणतात. सकाळी नऊला जमायचे, दुपारी प्रत्येकीने आणलेले वाटून खायचे, कॉफी पीत संध्याकाळपर्यंत काम करायचे. गप्पा मात्र हातातल्या फोटोंवरून निघत. कुणाचा मुलगा युद्धावर गेलेला, कुणाच्या आजोबांनी नॉर्वेहून येऊन शेत घेतलेले. मी नवखी, वेगळ्या रंगाची, बोलण्यात अडखळणारी. पण खुर्ची सरकवून मला जागा करून दिली गेली आणि कुणीतरी आपली कात्री माझ्यापुढे ठेवली. त्या दिवसापासून मला लागलेली एकही वस्तू मला एकटीला विकत घ्यावी लागली नाही.

निघताना आईने माझ्या बॅगेत थोडे जुने फोटो घालून दिले होते. ते पाकीट मी नेले होते. त्यातला एक आजींनी उचलला. स्टुडिओत काढलेला कृष्णधवल फोटो. नऊवारीतली एक बाई, मागे रंगवलेला पडदा, शेजारी उंच तिवई. तिवईवर फुलदाणी आहे, पण बाईने हात तिच्यावर ठेवलेला नाही. दोन्ही हातांनी तिने एक पुस्तक छातीशी धरले आहे.

"ह्या कोण?"

"आईकडच्या कुणीतरी," मी म्हणाले.

"आईच्या कोण?"

मला सांगता येईना. आजी पुढे काही बोलल्या नाहीत. एका कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ती त्यांनी फोटोबरोबर पाकिटात सरकवली आणि म्हणाल्या, "आईला विचार. ती आहे तोवर विचार."

त्या काळी भारतात फोन लावायचा म्हणजे कॉलिंग कार्ड घासून, मिनिटांवर डोळा ठेवून. एवढ्या महागाच्या मिनिटांत मी आईला एका फोटोतली बाई कोण म्हणून विचारते आहे, याचे तिला नवल वाटले. फोटोचे वर्णन सांगितले तशी ती म्हणाली, "अगं, ती माझी आत्या! बालविधवा होती. हिंगण्याच्या आश्रमात शिकून शिक्षिका झाली. तिनेच मला शाळेत घातलं. माझे वडील तर नको म्हणत होते." फोटोग्राफरने फुलदाणीवर हात ठेवायला सांगितले होते, ती म्हणाली होती पुस्तक धरीन नाहीतर फोटो नको, हेही आईने सांगितले. कार्ड संपले आणि फोन तुटला.

मी शिकले ते आई शिकली होती म्हणून, आणि आई शिकली ती ह्या बाईमुळे. अण्णासाहेब कर्व्यांनी हिंगण्याला काढलेल्या संस्थेबद्दल मी शाळेत धडा वाचला होता, परीक्षेत उत्तर लिहिले होते. त्या संस्थेतून बाहेर पडलेली एक बाई माझ्याच घरातली होती, तिचा फोटो माझ्या बॅगेत होता, आणि ती कोण हे मला समुद्रापलीकडच्या परक्या बाईने विचारले तेव्हा कळले.

पुढच्या शनिवारी मी ते आजींना सांगितले. त्यांनी फोटोखाली पानावर पेन्सिलीने पुसट रेघा आखून दिल्या आणि म्हणाल्या, "आता लिही. कोण, कुठे, केव्हा, आणि तुला काय सांगायचंय ते. चार ओळी पुरेत." मी इंग्रजीत सुरुवात करू लागले. त्यांनी हात धरला. "आईशी ज्या भाषेत बोललीस त्या भाषेत लिही. आणि स्वतःच्या हाताने लिही, टाइप करू नकोस." माझे अक्षर चांगले नाही असे मी म्हणाले, तर त्यांनी आपल्या आईच्या वहीतले, पाककृतींचे, गिचमिड अक्षरातले एक पान दाखवले. ते पान त्यांच्या अल्बममध्ये सर्वांत पुढे लावलेले होते.

ह्या लिहिण्याला तिथल्या बायका जर्नलिंग म्हणत. ह्या छंदात कागद कापणे, रंग जुळवणे, ठसे उमटवणे सगळे येते, पण मी ज्यांच्याकडे शिकले त्या सगळ्यांचा जीव ह्या चार ओळींवर होता. सजावट शेवटी, वेळ उरला तर.

हे शहाणपण त्यांच्याकडे कुठून आले ते मला पुढे समजत गेले. जुने कागद जपण्याची आवड अमेरिकेत मुरलेली आहे. मार्क ट्वेन स्वतः कात्रणवह्या करायचा. पानांवर आधीच गोंद लावलेल्या, नुसते पाणी लावून चिकटवता येणाऱ्या वहीचे पेटंट त्याने १८७३ मध्ये घेतले होते. पण आज जो छंद दिसतो, त्याचे मूळ युटा राज्यात आहे. तिथल्या मॉर्मन पंथात वंशावळ आणि कुटुंबाचा इतिहास राखणे हे धर्मकर्तव्यच मानतात. मॅरिलीन क्रिस्टेन्सन ह्या गृहिणीने आपल्या कुटुंबाचे फोटो आणि कागद जपताना चांगल्या साहित्याचा शोध घेत घेत पन्नासाहून अधिक अल्बम केले होते. १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीत नोंदी आणि दस्तऐवजांची जागतिक परिषद भरली, तिथे ते मांडायचे तिला आमंत्रण आले. बघायला आलेले लोक विचारू लागले, हा कागद कुठे मिळतो, हे कसे केले. मग तिने आणि तिच्या नवऱ्याने माहितीपुस्तिका लिहिली आणि १९८१ मध्ये स्पॅनिश फोर्क ह्या लहान गावात दुकान काढले. १९८७ मध्ये आमच्या मिनेसोटातच, सेंट क्लाउडला, ऱ्होंडा अँडरसन आणि शेरिल लाइटल ह्या दोघींनी 'क्रिएटिव्ह मेमरीज' ही कंपनी सुरू केली. ह्या कंपनीच्या बायका घरोघरी बैठका घेऊन अल्बम कसा करायचा ते शिकवत. आमच्या तळघरातल्या कितीतरी जणी तशाच एखाद्या बैठकीत पहिल्यांदा शिकल्या होत्या.

पुढे ह्याचा मोठा धंदा झाला. मासिके निघाली, दुकानांच्या रांगाच्या रांगा स्टिकर आणि चमकीने भरल्या. ते सगळे वाईट होते असे मी म्हणणार नाही. सुंदर कागद हातात घेतल्यावर होणारा आनंद खरा असतो. तरी माझे मत असे झाले आहे की पानावर जितकी जास्त सजावट, तितकी लिहायला जागा कमी उरते, आणि चाळीस वर्षांनी नातवाला स्टिकर नको असतो.

ग्रंथपाल असल्यामुळे आजींना ह्या वह्यांचे आणखी एक मोल माहीत होते. फिलाडेल्फियातल्या विल्यम डॉर्सी ह्या कृष्णवर्णीय चित्रकाराची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. एकोणिसाव्या शतकात त्याने वर्तमानपत्रांतली आपल्या समाजाविषयीची कात्रणे जमवून जवळजवळ ४०० वह्या भरल्या. शाळा, चर्च, लग्ने, मृत्यू, खटले, नाटके, सगळे त्यात होते. त्या वह्यांच्या आधारे इतिहासकार रॉजर लेन यांनी १९९१ मध्ये त्या शहरातल्या कृष्णवर्णीयांवर मोठे पुस्तक लिहिले. आजी म्हणत, "ज्यांच्याबद्दल कुणी पुस्तक लिहीत नाही, त्यांनी स्वतःची वही लिहावी." हे ऐकले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आत्या आली, तिचे ते पुस्तक धरलेले हात आले.

फोटो जपण्याचे तंत्र मात्र त्यांनी मला शाळेतल्या मुलीला शिकवावे तसे पायरीपायरीने शिकवले. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातल्या लिग्निनमुळे तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि त्याचे आम्ल शेजारच्या फोटोलाही लागते. म्हणून कात्रण तसेच चिकटवायचे नाही, चांगल्या कागदावर त्याची झेरॉक्स काढून ती लावायची. पारदर्शक आवरण पीव्हीसीचे असेल तर त्यातून कालांतराने आम्लाची वाफ सुटते. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर चालते. फोटोच्या मागे बॉलपेन दाबून लिहायचे नाही, वळ पुढे उमटतो. कागदात आम्ल आहे की नाही ते बघायचे एक पेन मिळते. त्याने कोपऱ्यात बारीक रेघ ओढायची. रेघ जांभळी राहिली तर कागद चांगला, पिवळी पडली तर तो फोटोजवळ नको. आजींनी ते पेन माझ्या हातात दिले आणि मी माझ्याच लग्नपत्रिकेवर रेघ ओढली. रेघ बघता बघता पिवळी झाली. त्या पत्रिकेचे पाकीट तेव्हापासून वेगळे आहे.

सुट्टीत भारतात आले तेव्हा ह्या विद्येचा खरा उपयोग कळला. वाईच्या आमच्या घरी आईच्या लग्नाचा अल्बम होता. काळ्या जाड कागदाची पाने, फोटो चार कोपऱ्यांत अडकवलेले, दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला बटर पेपर. त्यातले फोटो अजून लख्ख होते. कोपऱ्यांत अडकवण्याची ती जुनी पद्धत फोटोला गोंद लागू देत नाही, म्हणून ते टिकले. आमच्या लहानपणीचे फोटो मात्र नव्या तऱ्हेच्या अल्बममध्ये लावले होते: चिकट पट्ट्यांचे पान, वरून उचलून दाबायचे प्लॅस्टिक. त्या काळी घरोघरी तेच आले होते आणि वडिलांनी हौसेने, नीट रांगेत लावले होते. आता पट्ट्यांच्या जागी तपकिरी रेघा पडल्या होत्या, प्लॅस्टिक फोटोला धरून बसले होते. सत्तरच्या दशकातले रंगीत फोटो लालसर झाले होते. त्या कागदावरचा निळसर रंग अंधारातही उडत जातो, मागे तांबडा उरतो. वाईचा पाऊस आणि कसर यांनी आपला वाटा उचलला होता तो वेगळाच.

असे चिकटलेले फोटो कसे सोडवायचे ते आजींनी दाखवले होते. दात साफ करायचा मेण न लावलेला दोरा घ्यायचा, दोन्ही हातांत ताणून धरायचा, फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवायचा आणि करवतीने कापावे तसा, पण अगदी हलक्या हाताने पुढेमागे करत न्यायचा. फोटो वाकवायचा नाही. दोऱ्याने जायचे, ओढायचे नाही. जो निघत नाही तो तसाच राहू द्यायचा आणि पानासकट त्याचा फोटो काढून घ्यायचा. आई शेजारी बसून बघत होती. एकेक फोटो सुटला की ती हातात घेई आणि सांगू लागे. मी पेन्सिल घेऊन बसले. हा भाऊ, ही त्याची मुंज, हा ढोल्या गणपतीचा घाट, पूर आलेलं वर्ष. ज्या गोष्टी तिला कुणी कधी विचारल्या नव्हत्या, त्या ती त्या दुपारी बोलली. माझ्या वडिलांनीही त्यातल्या कितीतरी पहिल्यांदाच ऐकल्या. तिला मी तिच्याच अक्षरात फोटोखाली लिहायला लावले. आधी ती नको म्हणाली, "माझं काय लिहायचं?" मग एकदा लिहू लागली ती लिहितच राहिली. ते तिचे अक्षर आज माझ्याजवळ आहे ते केवळ आजींनी माझा हात धरून थांबवले होते म्हणून.

काही वर्षांनी आजींच्या यजमानांना विस्मरणाचा आजार झाला. आजी क्रॉपला येत, पण मोठे अल्बम बाजूला ठेवून एक छोटी वही करू लागल्या. पानावर एकच फोटो, खाली एकच वाक्य, ठळक मोठ्या अक्षरांत. "ही माझी बायको." "हे आमचं शेतावरचं घर." मी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की मिशेल बुर्ज्वा नावाच्या वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी १९९० मध्ये ह्यावर अभ्यास प्रसिद्ध केला आहे. अल्झायमरच्या रुग्णाला आठवून बोला म्हटले तर जमत नाही, पण लिहिलेले वाचणे बराच काळ शाबूत राहते. फोटो आणि साधे वाक्य हातात दिले की रुग्ण ते मोठ्याने वाचतो आणि त्या आधाराने संभाषण पुढे नेऊ शकतो. वाक्य त्याच्याच तोंडचे हवे, म्हणजे 'माझी', 'आमचे' असे. प्रश्न विचारायचा नाही. "हे कोण, ओळखा बघू," असे तर मुळीच नाही. मी त्यांच्या यजमानांना ती वही वाचताना पाहिले आहे. ते वाचत, मग आजींकडे बघून काहीतरी सांगत, आणि आजी ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकून घेत.

आम्ही पुण्याला परत आलो त्यानंतर आजी वारल्या. त्यांच्या मुलीने कळवले. माझ्या आईलाही तोच आजार झाला तेव्हा विचारायला त्या नव्हत्या, पण काय करायचे ते मला माहीत होते.

आईसाठी मी वही केली. हाताळायला सोपी, पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराची. चकचकीत पाकिटे टाळली, कारण उजेड चमकला की तिला फोटो दिसत नसे. मूळ फोटो लावले नाहीत, त्यांच्या प्रती लावल्या, म्हणजे कितीही हाताळले तरी चिंता नको. मोठ्या काळ्या अक्षरांत वाक्ये लिहिली, आणि ती तिनेच पूर्वी सांगितलेल्या गोष्टींतून उचलली. म्हणजे ती चार ओळींची पाने आधी झाली नसती तर ही वही होऊच शकली नसती.

आई दिवसभर विचारत राही, "भाऊ कधी येणार?" मामा जाऊन खूप वर्षे झाली होती. खरे सांगितले की ती दर वेळी नव्याने रडे. खोटे सांगणे मला जड जाई. वही झाल्यावर मी ते पान उघडून देऊ लागले. ती सावकाश वाचे, "हा माझा थोरला भाऊ. याने मला कृष्णेत पोहायला शिकवले." आणि मग पुढचे आपणहून सांगे: पाठीला वाळका भोपळा बांधायचा, पाणी थंड असायचं, भाऊ म्हणायचा पाय मार, मी आहे. भोपळा किती मोठा ते हातांनी दाखवी. तेवढा वेळ भाऊ कधी येणार हा प्रश्न राहत नसे. आत्याचे पान ती सर्वांत जास्त वेळा उघडी. "ही माझी आत्या. हिने मला शाळेत घातले." वाचताना तिचा आवाज शाळेतल्या मुलीसारखा स्वच्छ होई, एकेक अक्षर सुटे.

वहीच्या शेवटी माझा फोटो होता. पुढे पुढे ती मला ओळखेनाशी झाली. मला 'अहो बाई' म्हणू लागली, घरी कामाला ठेवलेल्या परिचारिकेला म्हणे तसे. एका सकाळी मी तिची वेणी घालत होते आणि ती वही चाळत होती. ते पान आले तेव्हा तिने वाचून मला दाखवले. "ही माझी मुलगी. अमेरिकेत असते, हो. फार गुणाची आहे." मी म्हणाले, "दिसतेच आहे तशी." तिला बरे वाटले. शेवटपर्यंत ज्या गोष्टीने तिला बरे वाटू शकले, ती वही होती. डॉक्टरांनी औषधे दिली, आम्ही सेवा केली, पण तिच्याशी बोलण्याचे साधन मला मिनेसोटातल्या एका ग्रंथपालबाईंनी दिले होते.

आता पुण्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही बायका जमतो. काही पुरुषही येऊ लागले आहेत. वडिलांचे फोटो घेऊन येणारे मुलगे जास्त. तिथल्यासारखे तयार साहित्य इथे सहज मिळत नाही, पण अडत नाही. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, के. बी. जोशी यांनी १९४० मध्ये सुरू केलेली. हातकागद सुती चिंध्यांचा असेल तर त्यात लाकडातले लिग्निन नसते. तरी प्रत्येक नवा गठ्ठा मी पेनाने तपासून घेते, सवय आजींची. फोटोंचे कोपरे आम्ही स्वतः कापतो, त्याच कागदाचे. पावसाळ्यात अल्बम बंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. शिकवण्याचे पैसे मी घेत नाही. मला कुणी घेतले नव्हते.

येणाऱ्यांना सुरुवातीला वाटते की कटर, पंच, रंगीत कागद आणावे लागतील. मी सांगते, पहिल्या दिवशी एक मऊ पेन्सिल आणि ज्यांच्याबद्दल तुम्हाला नीट माहिती नाही असे थोडे फोटो आणा. फोटोतले माणूस कोण ते ज्याला ठाऊक आहे, असे कुणी तुमच्या घरात अजून असेल. आजी असेल, काका असतील, गावाकडची आत्या असेल. त्यांना फोन करा, नाहीतर जाऊन भेटा, फोटो त्यांच्या हातात द्या आणि ते बोलतील ते लिहून घ्या. संपूर्ण नाव लिहा, माहेरचे नाव लिहा, गाव लिहा, साल आठवत नसेल तर 'मोठ्या पुराच्या आधी' असे लिहा. जुन्या जाड कागदाच्या फोटोमागे, कडेला, पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. नव्या गुळगुळीत फोटोवर पेन्सिल उठत नाही, त्याला वेगळी चिठ्ठी जोडा. अल्बम पुढच्या वर्षी केला तरी चालेल. हे विचारायचे काम मात्र ह्या रविवारी करा.